तुम्ही विचारलंत म्हणून: खिडकी कुठल्या बाजूची?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. "दार्जिलिंगला चाललोय. ती वाफेची गाडी करायचीय, फोटोही काढायचेत. कुठल्या बाजूची सीट घेऊ?" विचारणाऱ्याला एका शब्दाचं उत्तर हवं असतं, डावी किंवा उजवी. मी सुरू झालो की चहा गार होतो, म्हणून आता सगळं लिहूनच ठेवतो. सीटचं शेवटी.

गाडीत बसलेल्याला गाडी दिसत नाही. हसू नका, हे कळायला मला एक अख्खी ट्रिप लागली. पहिल्या वेळी मी वाफेच्या जॉयराईडचं, म्हणजे पर्यटकांसाठीच्या छोट्या फेरीचं, तिकीट काढलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दोन तास खिडकीशी झटापट केली. घरी येऊन बघतो तर इंजिनाचा धूर होता, इंजिन नव्हतं. लोकांची कोपरं होती, मोबाईल होते, एका बाईंची लाल शाल तर बऱ्याच फोटोंत होती. बायको मात्र शांत बसून बाहेर बघत होती. रूळ एका दुकानाला इतके खेटून जातात की आत मटार सोलणाऱ्या आजींच्या परातीत हात घालता आला असता, हे मला तिने सांगितलं. मी तेव्हा शटर स्पीड बदलत होतो.

तेव्हापासून नियम एकच: एक फेरी बाहेरून, एक आतून, आणि तीही वेगवेगळ्या दिवशी. आधी बाहेरून.

बाहेरून बघणं दार्जिलिंगला सोपं आहे, कारण हिल कार्ट रोड आणि रूळ यांचा संसार एकत्रच आहे. गाडी रस्ता पुन्हापुन्हा ओलांडते आणि चढावर तिचा वेग असा की ठरवलेली टॅक्सी आरामात पुढे जाते. जॉयराईड दार्जिलिंगहून घूमला जाते आणि परत येते. घूम २२५८ मीटरवर, दार्जिलिंग त्याच्या खाली. म्हणजे जाताना चढ, येताना उतार. हे साधं वाटतं, पण सगळी मेख इथे आहे. चढावर इंजिन राबतं, धाप टाकतं, धुराचा लोट सोडतं. उतरताना ते फक्त ब्रेक सांभाळत घरंगळतं, धूर जेमतेम. फोटो हवा असेल तर जाणारी गाडी पकडा.

इंजिनं 'बी क्लास'ची, या जातीचं पहिलं १८८९ मध्ये बांधलं गेलं. तेव्हा रेल्वे सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. चिमुकलं निळं धूड, आणि त्यावर माणसं किती! आत ड्रायव्हर आणि फायरमन, वर बसून कोळसा फोडणारा एक, आणि अगदी पुढे, बफरच्या फळीवर बसून ओल्या रुळांवर वाळू टाकणारे दोघे. वाळू नसेल तर चाकं जागेवरच फिरत राहतात. लोक इंजिनाचा क्लोजअप काढतात आणि ही माणसं कापून टाकतात. मला त्याचा राग येतो, सांगून ठेवतो.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते उजेडाच्या बाबतीत. मुंबई ७३ रेखांशाच्या आसपास, दार्जिलिंग ८८ च्या. पंधरा अंश म्हणजे सूर्याचा बरोबर एक तास. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. नोव्हेंबरात तिथे पाच वाजायच्या आत सूर्य मावळलेला असतो. आपण दादरच्या सवयीने चारच्या चहानंतर निघतो आणि पोचेपर्यंत दरीत अंधार. त्यामुळे पहिली फेरी धरा, सकाळची. थंडीत वाफ जाड आणि पांढरीशुभ्र दिसते, दुपारच्या उबेत ती हवेत विरून जाते. वाफ पांढरी, इंजिन गडद, त्यामुळे कॅमेरा गोंधळतो. वाफ फटफटीत होऊ देऊ नका, इंजिनातला काळोख नंतर उजळता येतो. शक्य असेल तर त्याआधी पहाटेच स्टेशनाजवळच्या इंजिनांच्या शेडकडे चक्कर मारा. वाफ धरायला काही तास लागतात, त्यामुळे तिथली माणसं तुमच्या कितीतरी आधी उठलेली असतात. आधी विचारा, मग कॅमेरा काढा. पुढच्या खेपेला मी त्यांच्या फोटोंच्या प्रिंट घेऊन गेलो. त्यानंतर उभं कुठे राहायचं, हे मला त्यांनीच सांगितलं.

दार्जिलिंग आणि घूमच्या मधल्या बतासिया लूपचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो: गोल फिरणारी गाडी, गोरखा सैनिकांचं स्मारक, मागे कांचनजंगा. शिखर उत्तरेकडे असल्याने सकाळचं ऊन त्याच्यावर पडतं. पण मोबाईलच्या रुंद लेन्सने काढाल तर ८५८६ मीटरचा डोंगर साबुदाण्याएवढा येतो. मागे सरका, झूम करा, डोंगर गाडीच्या अंगावर येऊ द्या. आणि ढग आले तर काही करता येत नाही. त्यासाठीच एक दिवस मोकळा ठेवा, त्यात टायगर हिल, चहाचे मळे वगैरे कोंबू नका. मी तीन दिवसांपैकी दोन दिवस नुसतं पांढरं बघितलंय.

न्यू जलपायगुडीपासूनचा पूर्ण ८८ किलोमीटरचा प्रवासही लोक विचारतात. करा, पण एकदाच आणि चढताना. मी गेलो तेव्हा डिझेल इंजिन होतं, सकाळी दहाच्या सुमारास निघालो, पोचायला पाच वाजून गेले. थंडीच्या दिवसांत शेवटचा टप्पा काळोखात जातो, हे धरून चाला. त्या वाटेवर झिगझॅग आहेत. वळायला जागा नाही तिथे गाडी पुढे जाते, थांबते, उलटी वर चढते, पुन्हा थांबते आणि परत पुढे निघते. आमच्या डब्यातले एक गृहस्थ "गाडी परत चालली, गाडी परत चालली" म्हणून उठूनच उभे राहिले होते.

एवढ्या लांब जाण्याआधी नेरळ-माथेरानच्या गाडीवर सराव करा. तीच दोन फुटांची गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), घरापासून लोकलच्या अंतरावर. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि मुलगा अब्दुल हुसेन यांचा ध्यास यातून १९०७ मध्ये ही लाईन झाली. तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनांची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉपची, तोच आपल्या बार्शी लाईट रेल्वेवाला इंजिनियर. आता गाडी डिझेलवर चालते. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, तेव्हा अमन लॉज ते माथेरान शटल धरा. दस्तुरीवरून बाजारात जाणारे कितीतरी लोक रुळाच्या कडेनेच चालत असतात. तांबडी माती, झाडांची कमान, मागून हॉर्न. आधी बाजूला व्हा, मग कॅमेरा. तिथे बिघडलेल्या फोटोंचं दुःख कमी होतं, पुढच्या रविवारी परत जाता येतं.

परत जाता येतं, असं मी विदर्भातल्या शकुंतला या छोट्या गाडीबद्दलही म्हणायचो. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिथे १९९४ पर्यंत राबत होतं. तेव्हा मी कॉलेजात होतो, "पुढच्या उन्हाळ्यात" म्हणत राहिलो. नंतर डिझेल आलं, तरी गेलो नाही. मग गाडीच बंद झाली. माझ्याकडे शकुंतलेचा एकही फोटो नाही. तेव्हा कुठे आधी जाऊ, असं विचाराल तर जी लाईन डगमगतेय तिथे आधी जा. दार्जिलिंगला १९९९ पासून युनेस्कोचा शिक्का आहे, ती थोडी थांबेल.

आता सीट. नेरळच्या वाटेवर घोड्याच्या नालेसारखी वळणं आहेत, गाडी तोंड फिरवते आणि दरी या खिडकीतून त्या खिडकीत जाते. तिथे कुठेही बसा. झिगझॅगला गाडी तोंड फिरवत नाही, नुसती मागे येते, त्यामुळे दरी ज्या बाजूला असते तिथेच राहते. आणि जॉयराईडमध्ये घूमला डबे वळवत नाहीत, म्हणजे जाताना ज्या खिडकीला दगडी भिंत आली, येतानाही तिलाच भिंत. जाताना डावी, येताना उजवी असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, ती एकच खिडकी असते. उपाय एकच: घूमला गाडी थांबते तेव्हा पलीकडच्या खिडकीवाल्यांशी गोड बोलून जागा बदलून घ्या.

मी विचारलं होतं. पलीकडचे काका म्हणाले, "नको, मला इथेच झोप छान लागते."