मिग-२७ची तोफ झडल्यानंतरची तपासणी

जोधपूरच्या हवाई दल तळावर मिग-२७ या जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा करणाऱ्या लढाऊ विमानांची देखभाल करताना तोफेचा सराव असला की आमचं काम विमान उतरल्यावर वाढायचं. पोखरण रेंजवरून आलेल्या एका विमानाचा पायलट शिडी उतरता उतरताच म्हणाला, "दुसऱ्या बर्स्टला रेडिओ गेला, मग आपोआप आला." बर्स्ट म्हणजे एका दमात झाडलेल्या गोळ्या.

आपोआप आलेला रेडिओ जास्त त्रासाचा. बंद पडलेला सापडतो, हा लपतो.

या विमानाच्या पोटाखाली जीएसएच-६-३० ही सहा नळ्यांची ३० मिलिमीटर तोफ. मिनिटाला सुमारे ५,००० गोळ्यांचा वेग, म्हणजे २६० गोळ्यांचा अख्खा पट्टा तीन-सव्वातीन सेकंदांत संपतो. धक्का पाच टनांच्या वर. आणि सांगाडा मूळचा मिग-२३चा, २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेसाठी आखलेला! सोव्हिएत तळांवरही या तोफेने लँडिंग लाइट फुटायचे, पुढच्या चाकाची दारं अडकायची. म्हणून बर्स्ट छोटेच मारायचे.

क्रम ठरलेला. चाकांना अडणी, तोफेचा विद्युतपुरवठा तोडणं, गोळी अडकलेली नाही याची खात्री. तोवर नळ्यांसमोर कुणी उभं राहायचं नाही. नळ्या तापलेल्या असतात, आतली गोळी उष्णतेनेही सुटू शकते.

मग पॅनेल उघडली. कनेक्टर नुसता बघून कळत नाही, हाताने फिरवावा लागतो. रेडिओच्या मागच्या प्लगची रिंग पाव फेरा सैल निघाली, ती सैल होऊ नये म्हणून बांधलेली लॉकवायर तुटलेली. हादऱ्याने पिना क्षणभर सुटायच्या, पुन्हा टेकायच्या. पिना साफ केल्या, रिंग आवळून नवी वायर ओवली. एका लँडिंग लाइटची फिलामेंटही तुटलेली होती. तोफेजवळच्या चार रिव्हेटभोवती काळी कडी दिसली. रिव्हेट जागेवर घासत असल्याची ती खूण. त्या बदलल्या. शेवटी विमान जॅकवर चढवून चाकं आत-बाहेर केली, दारं नीट मिटतात का पाहिलं.

आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) अशी १६५ विमानं बनली. पुढे चाळीसएक विमानांत नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसली, तोफ मात्र तीच राहिली. २७ डिसेंबर २०१९ला शेवटची स्क्वाड्रन जोधपूरलाच निवृत्त झाली. तोपर्यंत तोफ झडली की कनेक्टरांवरून हात फिरवल्याशिवाय आम्ही विमान पुढच्या उड्डाणाला दिलं नाही.