वेदीपुढची पोती

सोयाबीन घरात आलं, कापसाची दुसरी वेचणी उरकली, की विदर्भातल्या खेड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हंगामाच्या उपासनेची, म्हणजे नवं पीक देवाला वाहायची, बोलणी सुरू व्हायची. दिवाळी आटोपल्यावरचा आणि आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) लागण्याआधीचा एखादा रविवार धरायचा. तूर तेव्हा वावरात हिरवीच, म्हणून तूरवाले कास्तकार वायद्यावर सुटायचे.

आदल्या दिवशी दाराशी ज्वारीची ताटं बांधली जायची, वेदीपुढे पोती लागायची. इथेच पहिली चूक व्हायची. ओलं सोयाबीन पोत्यात कोंबून भिंतीला टेकवलं, की आत ऊब धरते आणि दाण्याला वास येतो. बाजारात १२ टक्क्यांवर ओल गेली, की भाव तुटतो. खेड्यात मात्र ओल दातानंच बघायची: दाणा कट्‌कन फुटला तर सुका, दबला तर अजून दोन उन्हं ताडपत्रीवर. ओला कापूस तर वजनाला जड भरतो आणि पिवळा पडतो. देवाला द्यायच्या गाठोड्यात ओल ठेवणाऱ्यालाही नावं न ठेवता कापूस पसरून टाकणारी म्हातारी माणसं मंडळीत असायची.

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवायला सांगितलंय, आणि लगेच पुढे त्या आनंदात लेवी (देवाच्या सेवेतला वंश) आणि उपरी यांनाही धरलंय. म्हणून आवतण मंडळीपुरतं नसायचं. साऱ्या गावाला जायचं, आणि पंगत सगळ्यांना चालेल अशी: रोडगे, वांग्याची भाजी, वरण.

रोडग्याचं काम सोपं नाही. १०० माणसांना १५ किलो जाडसर कणीक. घट्ट मळायची, छोट्या पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, मोठ्या पोळीत गुंडाळून गोळा वळायचा. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसून निखारा झाल्याशिवाय गोळे घालायचे नाहीत. घाई केली की वरून कोळसा, आत कच्चा. ओल्या गोवऱ्या लागल्या तर नुसता धूर, आणि उपासनेत अर्धी मंडळी खोकत बसणार. गोळ्याला भेगा पडल्या, की काढून फडक्यानं राख झटकायची आणि फोडून तूप सोडायचं. तुपाचा हात जपून ठेवणारा वाढपी कुणालाच आवडत नसे.

उपदेशानंतर लिलाव. भोपळा, केळीची फणी, पाय बांधलेली कोंबडी (तिला पाणी ठेवायचं कुणालाच आठवत नाही), मापानं ज्वारी. “काकाजी, अजून पन्नास वाढवा न जी!” घेणारा तीच फणी पुन्हा वेदीवर ठेवायचा आणि ती तीनदा विकली जायची. हशा भरपूर, पण उधारीही तेवढीच. बोली जोशात लागते, पैसे शिमग्यापर्यंत येत नाहीत. यावर उपाय एकच: एकानं वही लिहायची, दुसऱ्यानं पैसे घ्यायचे, आणि हिशेब जेवणाआधी वाचून दाखवायचा. एकाच माणसाकडे वही आणि पेटी दिली, की प्रामाणिक माणसावरही बोट उठतं.

मोठ्या बोलीपुढे वाटीभर धान्य आणणारी बाई मागे सरायची. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात जवळचं होतं नव्हतं ते दान करणाऱ्या विधवेची दोन नाणी दरवर्षी उपदेशात यायची ती उगाच नाही. जाणत्या पाळकांनी म्हणून वाट्या लिलावाबाहेर ठेवल्या. त्या सगळ्या मिळून एकच रास व्हायची. कुणाची कोणती, कळायचं नाही.

रात्री पेटी, ढोलकी, टाळ. कवी ना. वा. टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत बायबलचा नवा करार मिळाला, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मराठी ख्रिस्ती भजनाला अभंगाची चाल लाभली. त्यामुळे टाळ धरायला शेजारच्या भजनी मंडळातलेही येऊन बसत.

एक पोतं मात्र ना लिलावात जायचं, ना वहीत. त्याला ‘सरवा’ म्हणायचे. बायबलातल्या ‘लेवीय’ पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नका, सरवा (कापणीत मागे पडलेली कणसं) वेचू नका, तो गरिबाला आणि उपऱ्याला ठेवा असं आहे; बायबलातल्या रूथ या उपऱ्या विधवेनं बवाजाच्या शेतात वेचला तोच हा. सोमवारी अंधार पडल्यावर दोघं जण ते खांद्यावर घेऊन निघायचे, दिवा न लावता.