वेलांटीसकट

"दादा, उतारा आला, पण फाइलीवरचं नाव कुठे गेलं?"

दुपारी महापेच्या ऑफिसात फोन. ठाण्यातल्या एका पतपेढीतल्या ताई. आमच्या जावा ॲप्लिकेशनमधून सभासदांचे खातेउतारे त्यांनी डाउनलोड केले होते. आतला मजकूर बरोबर. नावाच्या जागी मात्र आडव्या रेघा, मध्ये मोकळी जागा, पुन्हा रेघा, मग डॉट पीडीएफ.

"कोणाचा कोणता, प्रत्येक उघडून बघायचा का?"

चूक माझी होती. सर्व्हलेट, म्हणजे सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्राम, फाइलचे बाइट पाठवण्याआधी 'कंटेंट-डिस्पोझिशन' हे हेडर, म्हणजे फाइलबद्दलच्या माहितीची एक ओळ, पाठवतो. फाइल कोणत्या नावाने उतरवायची, हे ब्राउझरला त्यातून कळतं. तिथे मी देवनागरी नाव तसंच ठेवलं होतं. आमचा सर्व्हर हेडर जुन्या लॅटिन अक्षरसंचात लिहितो, त्यात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं. फाइलच्या नावात ते चालत नाही, म्हणून ब्राउझरने त्याची रेघ केली.

यावरचा उपाय २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात दिलेला आहे: 'फाइलनेम' शब्दापुढे तारांकन, मग यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारी अक्षरं लिहिण्याची पद्धत) आणि टक्केवारीच्या चिन्हांनी एन्कोड केलेलं, म्हणजे सांकेतिक रूपात लिहिलेलं नाव. (हे एन्कोडिंग करणारा जावाचा यूआरएलएन्कोडर मोकळ्या जागेचं अधिक चिन्ह करतो, तेवढं बदलून घ्यायचं.) जेमतेम दोन ओळी.

मराठी माणसांसाठीचं काम, मराठी टीम, आणि चाचणीतल्या सगळ्या फाइलींची नावं इंग्रजी. हे मला फार लागलं.

संध्याकाळी ताईंना पुन्हा डाउनलोड करायला सांगितलं. क्षणभर शांतता.

"आलं हो दादा. वेलांटीसकट आलं."