घरटॅक्स अडीच हजार, म्हणून घर काही अडीच हजारात पडत नाही भाऊ

यंदा मार्चमधी ग्रामपंचायतीचं बिल आलं त्याचा फोटो काढून मी सहज घरच्या ग्रुपवर टाकला. घरपट्टी १,१४०, दिवाबत्ती ६०, सफाई ६०, पाणीपट्टी १,२००, टोटल २,४६० रुपये, अन हे अख्ख्या वर्षाचे. झालं, ग्रुपवर नुसता कल्ला. आमच्या घरचे लोक आता चहूकडे पांगले आहेत, ताई नागपूरला, चुलतभाऊ पुण्याला वाघोलीत, आत्या मुंबईला अन मोठ्या काकाजींचा पोरगा तर थेट टेक्सासला, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, गावात राहणं म्हणजे फुकट आहे राज्या, मजा आहे तुमची.

फुकट म्हटलं की माझं डोकं सरकते. म्हटलं टाका आपापली बिलं, होऊन जाऊ द्या हिशेब.

पह्यले वाघोलीवाल्याचं पाहू, कारण त्याची गोष्ट लय गमतीची आहे. त्यानं फ्लॅट घेतला तेव्हा वाघोली ग्रामपंचायतच होती, म्हणजे कागदावर तो अन मी सारखेच, दोघंही ग्रामपंचायतीचे खातेदार. मग ३० जून २०२१ ला वाघोलीसकट २३ गावं पुणे महापालिकेत घातली अन तिथून त्याचा टॅक्स चढत गेला. पुण्यात घरात स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे, ती मधी बंद पडली होती, २०२३ ला पुन्हा चालू केली, पण त्यासाठी पीटी-३ नावाचा फॉर्म भरा, पुरावे जोडा हे आलंच. एवढं सगळं करून टॅक्स महापालिकेचा अन पाणी टँकरचं! उन्हाळा लागला की टँकरचे पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समधी लागून येतात. फुरसुंगी अन उरुळी देवाची ही दोन गावं तर २०१७ लाच महापालिकेत गेली होती, ती नंतर बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली, अन त्यात टॅक्सची ओरड हे मोठं कारण होतं. आधी गावाला शहर व्हायची घाई, अन शहर झालं की बिल पाहून पुन्हा गाव व्हावंसं वाटते.

पण खरा दणका दरवर्षीच्या टॅक्सचा नाहीच, घर घेतानाचा आहे. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, बाईच्या नावानं घेतलं तर १ टक्का कमी, वरून रजिस्ट्रेशनचा १ टक्का, तो जास्तीत जास्त ३० हजार. आज ६० लाखाचा फ्लॅट भावानं स्वतःच्या नावानं घ्यायचा म्हटला तर साडेचार लाख नुसते सरकारला. त्या साडेचार लाखात माझी ग्रामपंचायत पावणेदोनशे वर्षांच्या वर चालते, हे मी ग्रुपवर टाकलं तर वहिनीनं रडका इमोजी पाठवला.

मुंबईच्या आत्याचं तर काही विचारूच नका. १ जानेवारी २०२२ पासून मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे. तिचा फ्लॅट विकायला काढला तर कोटीच्या खाली जाणार नाही, अन टॅक्स शून्य. इकडं आमच्या बाजूला घरकुल बांधलं, योजनेचे १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, मापानं २६९ चौरस फुटाच्या थोडं वर, त्याला घरपट्टी लागते. कोटीच्या घराला माफ अन घरकुलाला लागू, याच्यात कोणतं गणित आहे ते मले तरी समजलं नाही. आत्याला म्हटलं तर ती म्हणे, अरे बापू, टॅक्स सोड, एक महिना माझं मेंटेनन्स भरून पाह्य.

नागपूरचं थोडक्यात सांगतो. तिथं टॅक्सपेक्षा प्लॉटचा कागद महाग पडते. लेआऊट मंजूर आहे का, एनआयटीचं (म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं) आर.एल. लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र आहे का, नसेल तर डेव्हलपमेंट चार्ज भरा अन चकरा मारा. १९०० लेआऊट (मंजुरीविना पडलेले लेआऊट) हा शब्द नागपुरात कोणासमोरही काढा, समोरचा अर्धा तास बोलते. भाऊजींचे जेवढे पैसे त्या आर.एल.मागं गेले तेवढा टॅक्स त्यांनी आतापावेतो भरला नसेल.

आता टेक्सास. तिथं राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून इथून आपल्याले वाटते की स्वर्ग आहे, पण तो सगळा पैसा घरावरून काढतात. काकाजींच्या पोराचा घरटॅक्स रुपयात मांडला तर वर्षाला सात लाखाच्या आसपास जाते, अन बँक तो घराच्या हप्त्यासोबतच महिन्याच्या महिन्याला कापून ठेवते, म्हणजे मार्चची वसुली, दवंडी, चपराशाची चक्कर असला काही प्रकारच नाही. न्यू जर्सीत तर २०२४ मधी सरासरी बिलच १० हजार डॉलरच्या वर गेलं, आपले साडेआठ लाख. एक गोष्ट मात्र मले पटली. टेक्सासात टॅक्सचा सगळ्यात मोठा वाटा त्या भागातल्या शाळांना जाते, बिलावर शाळेचा आकडा वेगळा छापून येते, अन शाळा चांगली तर घराला भाव चांगला. आमच्या बिलात दिवाबत्ती वेगळी छापून येते, पण चौकातला खांब दसऱ्यापासून बंद आहे.

हं, तर आता आपलं.

ग्रामपंचायत आधी क्षेत्रफळावर टॅक्स लावे. २०१५ च्या शेवटी नियम बदलले अन भांडवली मूल्य आलं. म्हणजे रेडीरेकनरचा (सरकारी भावाच्या तक्त्यातला) जागेचा दर, त्यात बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा, असं करून जो आकडा येईल त्याच्या हजारामागं अमुक पैसे. पैसे म्हणजे खरोखरचे पैसे बरं, रुपये नाही. दर चार वर्षांनी नवी आकारणी. जागेचा भाव गावात नसल्यासारखाच, म्हणून सगळा खेळ बांधकामावर येऊन पडते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुना वाडा आहे, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, बैलबंडी सहज फिरून येईल एवढं आवार. त्याला टॅक्स कमी, कारण माती अन वय. त्याच्या बाजूला पोरानं दोन खोल्यांचा स्लॅब टाकला, फुटाच्या हिशेबानं त्याला जास्त. वाड्याचे मालक हे मिशीला पीळ देऊन सांगतात. याच्याहून मोठी तफावत कॅलिफोर्नियात आहे, तिथं १९७८ ला लोकांनी मतदानानं नियम आणला की मूळ टॅक्स किमतीच्या १ टक्क्यावर बांधायचा अन आकारणी वर्षाला २ टक्क्यांच्या वर चढवायची नाही, घर विकल्या गेलं की मगच नवा भाव लागते. त्याच्यानं एकाच गल्लीत, एकसारख्या घरात, जुना म्हातारा कमी भरते अन कालचा आलेला त्याच्या कितीतरी पट.

पण बिलाच्या बाहेरचं बोलू, कारण गावातलं घर खाते ते तिथंच.

आमच्याकडे काळी माती. कपाशीले सोनं, घराले वैरी. पावसात फुगते अन उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर पाया ठेवला की भिंत गेलीच समजा. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा, आमच्या जागेत तो सहा फुटावर लागला, मग प्लिंथ बीम टाका, जोत्यातली काळी माती उपसून त्यात मुरूम भरा. घर जमिनीच्या वर दिसायच्या आधीच दीड-दोन लाख खाली गाडले. जे इथं पैसे वाचवतात त्यांच्या भिंती पाहून घ्या, मे महिन्यात भेगेत बोट जाते, ऑगस्टमधी तीच भेग मिटून जाते अन घरवाल्याले वाटते भरून आली, मग दिवाळीत पुट्टी-कलर अन पुढच्या मे मधी पुन्हा बोट.

दुसरं, कवेलू, म्हणजे तुमची कौलं. समोर स्लॅब आहे पण मागचं सैपाकघर अन कोठी अजून कवेलूची. मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात, गडी वर चढून फाट्यांवर बसते, फुटके खाली फेकते, साजरे सरकवून घेते, कुजलेली कामटी बदलते, अन हे सगळं पाय कुठं ठेवायचा हे माहीत असलेल्या माणसाचं काम आहे, नवशिक्या चढला तर जेवढे फेरते त्याच्याहून जास्त फोडते. आमच्या गावात हे काम येणारे आता दोन म्हातारे उरले. अन त्यांनी दिवसभर बसून फेरलेलं छप्पर वानरांचा कळप एका सकाळी नासवून जाते, लिंबावरून कोठीवर, कोठीवरून सैपाकघरावर, धाड धाड. बाभळीचे काटे टाकून पाहिले, फटाके झाले. शेवटी लोक काय करतात, कवेलू काढून टिना टाकतात. टिनाखाली मे मधी, ४५ च्या वर पारा गेल्यावर, बसून दाखवा. मग कूलर, तो दिवसरात्र, त्याला पाणी, दरवर्षी नव्या ताट्या, अन मग लाईट बिल. म्हणजे वानरापासून सुरू झालेलं सगळं बिलात येऊन संपते. याले आमच्या घरी वानरपट्टी म्हणतात, अन ती घरपट्टीच्या कितीतरी पट आहे. पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, तर ते सोलर बसवायचं डोक्यात आहे, पण पॅनलवर वानरं नाचली तर काय हे डीलरनं अजून सांगितलं नाही.

अन आता जे मले खरं बोचते ते. गावात घर बांधायला सिमेंट, लोहा, टाईल्स नागपूरच्याच भावानं लागतात, उलट ट्रॅक्टरचं भाडं वरून, रेतीचं तर तोंडच नका उघडू. सगळं धरून माझे सोळा लाख लागले. पण विकायचं म्हटलं तर सोळाचे आठ कोणी देणार नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक घर आहे, पोरं पुण्याला, आईबाप गेले, कुलूप लागलेलं, चांगलं स्लॅबचं घर, आठ म्हणता म्हणता पाचवर आले तरी गिऱ्हाईक नाही. वाघोलीवाला टॅक्स-टॅक्स करून रडते पण त्याचा फ्लॅट त्यानं घेतला त्याच्याहून महाग झाला आहे. त्याले बँकेनं लोन घरी येऊन दिलं, जुन्या पद्धतीनं रिटर्न भरलं तर व्याजाची २ लाखापर्यंत सूट मिळते. मी एका बँकेत गेलो तर गावठाणातल्या घराला नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर) लोन होत नाही म्हणाले, विषय संपला. मग सोयाबीनचे, कपाशीचे अन आईच्या सोन्यावरचे असे मिळून बांधलं. शहराच्या भावानं बांधा अन गावाच्या भावानं विका, मधातली तूट ज्याची त्यानं सोसा.

आता २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन राहिली, सनद अन मालमत्ता पत्रक मिळते, त्यामुळं पुढं बँक दारात उभी करेल अशी आशा आहे. पण कागद आला म्हणून गिऱ्हाईक येत नाही. ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं त्यांना) मी एकदा म्हटलं, साहेब, टॅक्सला माझं घर सोळाचं धरता, तुम्हीच आठला घेऊन टाका. ते हसून म्हणे, "घेतो ना भाऊ, पण माझ्या पोराची शाळा उचलून आणता का इथं?"

बरं, टॅक्स कमी आहे म्हणून लोक भरतात असंही नाही. वर्षानुवर्षं थकलेले आहेत. वसुली जोरात होते ती दोनच वेळा, एक मार्चमधी अन दुसरं निवडणुकीच्या तोंडावर, कारण मागणीचं बिल मिळाल्यावर तीन महिन्यात टॅक्स भरला नाही तर ग्रामपंचायतीची मेंबरकी जाऊ शकते. फॉर्म भरायच्या आठवड्यात जे लोक पंचायतीच्या पायऱ्या चढत नाहीत ते पैसे घेऊन रांगेत उभे दिसतात.

असो. यंदा आमच्या गावची चार वर्षांची आकारणी आहे, यादी लागली की नमुना ८ चा उतारा नक्की काढून पाहा रे भाऊ, नुसतं नाव पाहून परत येऊ नका. बांधकामाचा प्रकार कोणता लिहिला, साल कोणतं टाकलं (घसारा त्याच्यावरच आहे), माप बरोबर आहे का, अन बाप गेला असेल तर वारसांची नावं चढली का. आमच्या उताऱ्यात मागच्या कवेलूच्या खोल्यासुद्धा स्लॅबमधी धरल्या होत्या. हरकत लिहून दिली, सोबत फुटक्या कवेलूचे फोटो. टेक्सासवाल्याला सांगितलं तर तो म्हणे मी पण दरवर्षी प्रोटेस्ट टाकतो, आमची तारीख १५ मे असते. फरक पडला तर मले दोनेकशे रुपयांचा पडेल, पण पुढच्या चारही वर्षांचा पडेल. मंगळवारी सुनावणीला बोलावलं आहे.