आरएक्स-८ चं इंजिन गेलं, मागच्या रोटरचं काम कुठवर आलंय

गाडी घेऊन अकरा आठवडे झाले होते फक्त. २००५ ची माझदा आरएक्स-८ (पिस्टनऐवजी आत रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार), सहा गिअरची २३१ पीएस ताकदीची, ६१ हजार मैल झालेली, लेस्टरपासून तासाभरावर राहणाऱ्या एका माणसाकडून १९०० पाउंडाला घेतली. मुद्दाम मार्च २००६ च्या आधीची शोधत होतो कारण इकडे इंग्लंडमध्ये २३ मार्च २००६ नंतर रजिस्टर झालेली असली तर रोड टॅक्स एकदम वरच्या पट्टीत जातो, आणि ह्या गाडीचं पेट्रोल पिणं बघता टॅक्समध्ये तरी वाचावं असा हिशोब होता.

जूनमधला शनिवार, मोटरवेवर दीड तास मस्त चालली, सर्व्हिसेसला थांबलो, पेट्रोल भरलं, पैसे देऊन आलो आणि सेल्फ मारला तर नुसतं फिरतंय, पकडतच नाही. परत मारला, परत तेच. तो फिरण्याचा आवाजसुद्धा नेहमीसारखा नव्हता, म्हणजे चांगल्या इंजिनला एका लयीत ठोके येतात ना, तसे नाही, एक ठोका जोरात आणि मग दोन पोकळ, एक जोरात, दोन पोकळ. तेव्हा घाबरलो होतो म्हणून नीट लक्ष दिलं नाही पण मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं आणि नंतर तेच रेकॉर्डिंग फार कामाला आलं.

आधी वाटलं फ्लड झालंय. आरएक्स-८ वाल्यांना हे माहितीच असतं, थंड इंजिन चालू करून दोन मिनिटांत बंद केलं की प्लग पेट्रोलनं ओले होतात आणि मग धरत नाही. त्याचा उपाय म्हणजे अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा, मग इंजेक्टर बंद राहतात आणि आतलं पेट्रोल बाहेर पडतं. केलं, दहा-दहा सेकंद तीन वेळा केलं, काही नाही. पण माझं इंजिन थंड कुठं होतं, दीड तास पळून आलेलं गरम होतं, तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पंचेचाळीस मिनिटं बोनेट उघडून बसलो, इंजिन गार झालं आणि एका झटक्यात चालू झालं. घरापर्यंत आणली, दारात बंद केली, परत मारला, नाही. इंजिन गार असताना चालू होते, गरम झाल्यावर होत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन (इंजिनाच्या आतला दाब) गेलंय. गार असताना तेल दाट असतं, ते फटी भरून काढतं आणि कसंबसं भागतं, गरम झालं की तेल पातळ, मग दाब धरतच नाही.

आणि आता मागे वळून बघताना सगळ्यात जास्त लागतंय ते हे की घेताना मी टेस्ट ड्राइव्ह चाळीस मिनिटं केली, क्लच बघितला, गंज बघितला, खालून चॅसी बघितली, सर्व्हिसच्या पावत्या चाळल्या, पण गरम इंजिन बंद करून परत चालू करून बघितलं नाही. विकणाऱ्याला माहीत होतं की नाही देव जाणे, त्याच्यावर आरोप करायचा नाही मला. तुम्ही कोणी रोटरीवाली गाडी बघायला जाणार असाल तर सोपं काम आहे, वीस मैल पळवा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत मारा. आणि शक्य असेल तर रोटरीच्या मीटरनं कॉम्प्रेशन मोजून घ्या, साध्या गेजनं नाही.

साधं गेज का चालत नाही ते सांगतो. ह्या इंजिनात पिस्टन नाहीत, दोन त्रिकोणी रोटर आहेत, प्रत्येकाला तीन तोंडं, आणि शाफ्टच्या दर फेऱ्याला एक तोंड दाब देतं, म्हणजे तीन फेरे झाले की तिन्ही तोंडांचे तीन ठोके पूर्ण. साधं गेज त्यातला सगळ्यात चांगला ठोका पकडून ठेवतं आणि बाकीचे दोन लपवतं. रोटरीचं मीटर तिन्ही वेगळे दाखवतं आणि आकडे २५० आरपीएमच्या हिशोबात आणायचे असतात. नव्या इंजिनाचा आकडा ८.५ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), ६.९ च्या खाली गेलं तर इंजिन फेल, आणि एकाच रोटरच्या तोंडांमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक नको. माझे आकडे असे आले: पुढचा रोटर ७.२, ७.०, ७.१. मागचा रोटर ६.७, ३.८, ३.५.

एक बरा, दोन मेलेले. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक अपेक्स सील (दाब धरणारी धातूची पट्टी) असतं आणि ते दोन तोंडांच्या मधे बसतं, त्यामुळे एक सील गेलं की शेजारची दोन्ही तोंडं एकदम पडतात. आकडे बघून उघडायच्या आधीच कळलं की मागच्या रोटरचं एक अपेक्स सील.

त्या रात्री कोल्हापूरला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी उद्यमनगरात तीस वर्षं डिझेल इंजिनं आणि पंप दुरुस्त केलेत, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून सांगतात काय झालंय ते. मी रेकॉर्डिंग ऐकवलं. म्हणाले, "रिंगा गेल्यात." मी म्हटलं अण्णा ह्यात पिस्टनच नाहीत. तर म्हणाले, "पिस्टन न्हाईत तर दाब कशानं धरतंय? जे धरतंय तेच गेलंय बघ." मग म्हणाले बोअर मारून ओव्हरसाईझ टाक. मी चित्र काढून दाखवलं की रोटर ज्यात फिरतो ते हाऊसिंग गोल नाही, कमरेत आवळलेल्या भोपळ्यासारखा आकार आहे, लेथवर बोअर मारताच येत नाही, आत क्रोमचा थर आहे, तो गेला की हाऊसिंग बदलायचं. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "उघडशील तवा मला दाखव." तेव्हापासून दर रविवारी फोन स्टँडवर लावून अण्णा समोर असतात. गेल्या दोन वर्षांत आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो.

एका रोटरीवाल्या गॅरेजनं पूर्ण रिबिल्डचं कोटेशन दिलं, ते गाडीच्या किमतीच्या दुप्पट होतं. भाव वाजवीच आहे, त्या कामाला तेवढा वेळ लागतो, पण माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला उघडायचंच होतं. लहानपणी १९९१ ची ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदाच्या रोटरी इंजिनवाल्या ७८७बी चा आवाज ऐकला तेव्हापासून हे इंजिन डोक्यात आहे.

इंजिन उतरवायच्या आधी कारण शोधलं, कारण कारण न काढता नवीन सील टाकली तर वर्षभरात परत तेच. प्लगला ठिणगी देणाऱ्या चार कॉइल असतात, मागच्या रोटरची एक काढून दुसऱ्या जागी लावली तर मिसिंग (ठोका चुकणं) पण तिच्याबरोबर तिकडे गेलं, म्हणजे ती कॉइल अर्धमेली. कॅटवर (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) रबरी हातोडीनं टकटक केलं तर आतून खुळखुळ. उतरवून एका बाजूनं टॉर्च लावली, दुसऱ्या बाजूला उजेडच येईना, आतली जाळी वितळून गोळा झालेली. म्हणजे साखळी अशी लागली: कॉइल कमजोर, पेट्रोल अर्धवट जळतंय, उरलेलं कॅटमध्ये जाऊन पेटतंय, कॅट चोंदलं, गरम धूर मागे अडतोय, आणि ती सगळी उष्णता सीलांवर. कॉइल वेळेत बदलली असती तर इंजिन वाचलं असतं असं माझं ठाम मत आहे. दर ३० हजार मैलांना चारही कॉइल बदला, खराब व्हायची वाट बघू नका.

इंजिन उतरवणं दोन रविवार. वजनाला हलकं आहे आणि पुढच्या एक्सलच्या मागे बसवलंय त्यामुळे हात जायला जागा बरी. खरी मारामारी फ्लायव्हीलच्या नटाशी. ५४ एमएमचा नट, वर लॉकटाइट (नट सुटू नये म्हणून लावायचा गोंद). ब्लो टॉर्चनं गरम केला, पान्याला दीड मीटर पाइप लावला, मी आणि मित्र दोघं लटकलो, अण्णा फोनवरून "झटका दीऊ नकोस, वजन टाक" म्हणतायत, आणि एकदम कटाक्कन सुटला.

पुढचं सोपं. हे इंजिन थरांचं असतं, तीन लोखंडी प्लेटी आणि त्यांच्या मधे दोन अॅल्युमिनियमची हाऊसिंग, लांब बोल्टांनी आवळलेली. एकेक थर उचलत गेलो, प्रत्येक सील ज्या खाचेतनं निघालं तिचा नंबर लिहून अंड्यांच्या ट्रेत. मागच्या रोटरच्या दुसऱ्या टोकाचं सील बोटानं दाबलं तर हललंच नाही. बाकीची पाच दाबली की खाली जातात आणि स्प्रिंग परत वर ढकलते, हे मात्र कार्बननं खाचेत चिकटून बसलेलं. पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवून लाकडी काडीनं सोडवलं. काढून हातात घेतलं तर कोपऱ्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडालेला, आणि खालची स्प्रिंग पार सपाट. नवी स्प्रिंग कमानीसारखी असते, शेजारी ठेवून फोटो काढला, बघणाऱ्याला न सांगता कळेल.

हाऊसिंगमध्ये प्लगच्या भोकाजवळ अंगठ्याचं नख फिरवलं तर अडकत होतं, एक लांब ओरखडा आणि कडेला क्रोम सुटलेलं. साठच्या दशकात हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतोंच्या टीमनं पहिली रोटरी इंजिनं चालवली तेव्हा हाऊसिंगवर लाटांसारख्या खुणा पडायच्या, सील थरथरून पडलेल्या, आणि त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. तो प्रश्न सोडवला तेव्हा कुठे १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो स्पोर्ट गाडी बाजारात आली. माझा ओरखडा त्या जातीचा नाही, हा तुकडा घासल्याचा आहे, पण नख अडकलं तेव्हा ती माणसं आठवली. एवढ्या अरुंद धातूच्या पट्टीवर सगळं इंजिन उभं आहे.

मागचं हाऊसिंग बाद. कॉव्हेंट्रीच्या एका रोटरीवाल्याकडून वापरलेलं पण क्रोम शाबूत असलेलं २८० पाउंडाला मिळालं, घेताना सगळीकडून नख फिरवून घेतलं. लोखंडी प्लेटी बऱ्या निघाल्या. सगळी अपेक्स सील, सगळ्या स्प्रिंगा, साइड सील, कॉर्नर सील, पाण्याच्या रिंगा नव्या. पुढचा रोटर ठीक होता तरी त्याचीही सील बदलली, उघडलंय तर अर्धवट ठेवायचं नाही.

गेले तीन रविवार रोटरच्या बाजूंना बसणाऱ्या साइड सीलमध्येच गेले. बारा सील, नवी येतात ती लांब असतात, प्रत्येक आपापल्या खाचेत बसवून टोक घासत आणायचं, कॉर्नर सीलपाशी ०.०५ ते ०.१५ एमएम फट राहिली पाहिजे. डायमंड कानशीनं दोन हात मारायचे, पुसायचं, बसवायचं, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं, परत काढायचं. अण्णांनी एकच सांगितलं, "घासलेलं परत लावता येत न्हाई." एक सील ०.२० वर गेलं. मर्यादेच्या बाहेर गेलं म्हणून टाकून दिलं आणि नवीन मागवलं, त्यात एक आठवडा गेला. बाकी सगळी ०.०६ ते ०.०८ मध्ये.

काल जोडलं. सील जागेवर राहावीत म्हणून व्हॅसलिन लावून, थरावर थर, बोल्ट सांगितलेल्या क्रमानं तीन टप्प्यांत आवळले. शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकायची मोकळीक) डायल गेजनं ०.०६ एमएम, पाहिजे तेवढा. गाडीत अजून बसवलेलं नाही, नव्या कॉइल आल्यात, कॅट यायचंय.

रात्री साडेनऊला प्लग न लावता फ्लायव्हील धरून हातानं शाफ्ट फिरवला. उतरवायच्या आधी असाच फिरवला होता तेव्हा मागच्या रोटरच्या भोकातून एकदा फुस्स यायचं आणि दोनदा नुसती हवा सरकल्यासारखी. काल हळूहळू तीन फेरे दिले. पुढचा फुस्स, मागचा फुस्स, पुढचा, मागचा, पुढचा, मागचा. सहाच्या सहा, सारखे. फोन भोकाजवळ नेला आणि परत तीन फेरे फिरवले. कोल्हापुरात पहाटेचे दोन वाजले होते, अण्णा जागे होते, म्हणाले अजून एकदा फिरव.