मी काहीच केलं नाही

कॉम्प्युटर अडला की येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अरे, मी काहीच केलं नाही हं." अडलंय काय, ते नंतर कळतं; अटकपूर्व जामीन आधी. आत्या असो, ऑफिसातले वरिष्ठ असोत की शेजारचे काका, निर्दोषत्वाचा अर्ज दाखल झाल्याशिवाय कोणी मुद्द्यावर येत नाही.

घरोघरी एक माणूस असा असतो की ज्याला यातलं 'जरा कळतं'. या जरा कळणाऱ्यांच्या जमातीत त्या वाक्यावर हसायची पद्धत आहे. काहीच केलं नाही म्हणजे काहीतरी नक्की केलंय, आता ते गोडीगुलाबीने काढून घ्यायचं, असा आमचा खाक्या. पण इतकी वर्षं हे फोन घेतल्यावर माझं मत पार उलटं झालंय. ते वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. माणसाने काही केलेलं नसतं. केलेलं असतं ते सॉफ्टवेअरने, परस्पर, न विचारता आणि वर आपल्याच सोयीसाठी.

'फाईल उघडत नाही' ही सगळ्यात जुनी तक्रार घ्या. फाईलच्या नावाशेवटी टिंब देऊन जी तीन-चार अक्षरं येतात, त्यांवरून कॉम्प्युटर ठरवतो की ही फाईल कोणाच्या हाती द्यायची. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात नावाला आठ आणि शेपटीला तीनच अक्षरं मिळत, म्हणून 'जेपीईजी'चं 'जेपीजी' झालं. १९९५च्या विंडोजने लांब नावांची मुभा दिली, तरी तीन अक्षरांची सवय सुटली नाही. गंमत म्हणजे एवढी महत्त्वाची शेपटी विंडोज मुळात दाखवतच नाही. ओळखीचा प्रकार असेल तर लपवून ठेवतं, नाव नीटनेटकं दिसावं म्हणून. त्यामुळे 'बिल.पीडीएफ' म्हणून समोर आलेली फाईल प्रत्यक्षात 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असू शकते, म्हणजे उघडायला जावं तर कागद नव्हे, प्रोग्रॅमच सुरू व्हायचा. भामट्यांनी या नीटनेटकेपणाचा भरपूर फायदा घेतला आहे. कोणाचाही कॉम्प्युटर हाती आला की मी आधी हा पडदा काढतो. 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'समोर एक टिचकी, बस्स.

मग फोटोंचं. आत्याने भाचीला फोटो पाठवले, भाचीच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडेनात. आत्याने कोणतंही बटण दाबलं नव्हतं. २०१७ पासून आयफोन आणि नंतर इतरही काही फोन फोटो 'एचईआयसी' प्रकारात साठवू लागले, कारण तेवढाच फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. जागा वाचली हे खरंच, पण पलीकडच्याला तो उघडता येईल का, हे कोणी कोणाला विचारलं? भाचीने मग सगळेच करतात ते केलं. नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लिहिलं. दारावरची पाटी बदलून आत राहणारी माणसं बदलत नाहीत.

आत कोण राहतं ते फाईलच्या पहिल्या काही बाइट्सवर लिहिलेलं असतं. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि लगेच 'पीडीएफ' या तीन अक्षरांनी होते. पीएनजी चित्राच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बाइटमध्ये त्याचं नाव असतं. झिप फाईल 'पीके'ने सुरू होते; ही फिल कॅट्झची आद्याक्षरं, ज्याने १९८९ मध्ये हा प्रकार आणला. आणि आता खरी मौज. २००७च्या ऑफिसपासून वर्डची जी 'डॉक-एक्स' फाईल आहे, तिचीही सुरुवात 'पीके'नेच होते. कारण ती आतून झिपच आहे. म्हणून वर्डची फाईल उघडत नसली आणि तिच्यातले फोटो तरी हवे असले, तर तिची एक प्रत काढावी, प्रतीच्या शेवटी 'झिप' लिहावं आणि उघडून पाहावं. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया', आणि त्यात सगळे फोटो ओळीने बसलेले. थोडक्यात, पाटी बदलून उपयोग होत नाही, असं वर म्हटलं ते इथे मागे घेतो.

पण न विचारता मदत करण्यात एक्सेलसारख्या स्प्रेडशीटचा हात कोणी धरू शकणार नाही. शून्याने सुरू होणारा क्रमांक लिहा, शून्य गायब. गणितात आधीच्या शून्याला किंमत नाही, हे त्याचं तत्त्व. सोळा आकडी कार्ड क्रमांक लिहा, शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच हिशेब नीट ठेवतं. '३-४' असा क्रमांक लिहा, त्याची तारीख होते. आणि ही तारीख नुसती दाखवण्यापुरती नसते. मागे मूळ अक्षरं शिल्लकच राहत नाहीत, पुन्हा 'टेक्स्ट' करायला जावं तर भलताच पाच आकडी अंक समोर येतो. तो असतो १९००च्या सुरुवातीपासून मोजलेला दिवसांचा आकडा. (याच एक्सेलमध्ये ६० लिहून तारखेत बदलून बघा, २९ फेब्रुवारी १९०० येते. असा दिवस झालाच नाही, १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या त्याआधीच्या स्प्रेडशीटमध्ये ही चूक होती, आणि तिच्या फाईली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून सांभाळली. आजही सांभाळते आहे.)

तारखांच्या या हौसेने शास्त्रज्ञही हैराण झाले. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. यादी एक्सेलमध्ये गेली की त्यांची १ मार्च आणि २ सप्टेंबर व्हायची. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या भागात असल्या चुका आहेत, असं २०१६च्या एका पाहणीत दिसलं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काय करावं? जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं. माणसाचं शरीर स्प्रेडशीटपुढे नमलं, असं म्हणायला हरकत नाही. ही रूपांतरं बंद ठेवायची सोय एक्सेलने दिली ती २०२३ मध्ये.

त्याच २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळजवळ १६,००० रुग्ण मोजणीतून सुटले होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या 'एक्सएलएस' प्रकारात भरली जात होती, आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या बिनबोभाट गळून पडल्या. नव्या प्रकारात दहा लाखांवर ओळी बसतात. तिथेही कोणी चुकीचं बटण दाबलं नव्हतं.

साधा इलाज सांगायचा तर क्रमांकांचा रकाना आकडे लिहायच्या आधी 'टेक्स्ट' करून ठेवावा, आणि सीएसव्ही फाईल (स्वल्पविराम देऊन माहिती लिहिलेली साधी फाईल) कधीही डबल क्लिक करून उघडू नये, आतून 'इम्पोर्ट' करावी. नंतर केलेल्या दुरुस्तीला काही अर्थ नसतो.

ब्राउझरचे आजार निराळे. तिथे काही न करणं हेच आजाराचं कारण असतं. एक दिवस अचानक सगळ्या साइट 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून ओरडू लागतात. समोरचा घाबरतो, व्हायरस आला म्हणतो. मी विचारतो, "कोपऱ्यातल्या घड्याळात तारीख काय आहे?" पुष्कळदा ती काही वर्षं मागची असते. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवर, नाण्याएवढी एक बॅटरी असते, बंद कॉम्प्युटरचं घड्याळ तीच चालू ठेवते. ती संपली की घड्याळ भूतकाळात जातं. साइट आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं, आणि मागे गेलेल्या कॉम्प्युटरच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. व्हायरस शोधणारे तीन प्रोग्रॅम टाकून झाल्यावर हे कळलं की फार वाईट वाटतं.

ब्राउझरमध्ये खेळ आणि हलती चित्रं चालवणाऱ्या फ्लॅशचंही असंच झालं. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच फ्लॅश चालवायला नकार दिला. काल चाललेला खेळ आज नाही, आणि घरात कोणी कशाला हात लावलेला नाही. त्याला इलाजही नव्हता.

बाकी बहुतेक वेळा ब्राउझरला नको इतकं आठवत असतं. पान पटकन दिसावं म्हणून तो जुन्या प्रती साठवतो, आणि साइट बदलली तरी कालचंच पान दाखवत बसतो. यावर 'कॅशे आणि कुकीज साफ करा' हा सल्ला ज्याच्या-त्याच्या तोंडी असतो. कॅशे म्हणजे या जुन्या प्रती, आणि कुकीज म्हणजे साइटने तुम्हाला ओळखायला ठेवलेल्या खुणा. मला तो आवडत नाही. कुकीज पुसल्या की सगळीकडून लॉगआउट, मग पासवर्ड आठवा, मग ओटीपी, मग पुन्हा मलाच फोन. आधी कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबावं, म्हणजे तेवढं एक पान नव्याने येतं. नाहीच जमलं तर प्रायव्हेट विंडोत तेच पान उघडून बघावं. तिथे जुन्या कुकीज नसतात आणि एक्स्टेन्शन्सही (फाईलच्या शेपट्या नव्हेत, ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बहुधा गप्प असतात. पान तिथे नीट चाललं तर गुन्हेगार घरातलाच. मग निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करायची. सुधारलं तर दोष त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा त्यांतली निम्मी. दहा-पंधरा एक्स्टेन्शन्स असली तरी चार फेऱ्यांत चोर सापडतो. बरेचदा तो 'कूपन शोधून देतो' म्हणणारा कोणीतरी निघतो, आणि तो कधी आला हे मालकालाही माहीत नसतं.

राहता राहिला सगळ्यांत प्रसिद्ध उपाय, बंद करून चालू करणं. तो चालतो, कारण तासन्‌तास चाललेल्या प्रोग्रॅमांनी मेमरीत जो पसारा मांडलेला असतो तो एका फटक्यात जातो आणि सगळे पहिल्या पानापासून सुरुवात करतात. यातही परस्पर सोय आहेच. २०१२च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं की कॉम्प्युटर बहुधा पुरता बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद करतो, पण स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर (कॉम्प्युटरचे वेगवेगळे भाग चालवणारे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवतो, सकाळी लवकर उठता यावं म्हणून. पसारा गाभ्यातला असेल तर तोही सकाळी तसाच परत येतो. 'टास्क मॅनेजर'मध्ये 'अप टाइम' बघितला तर रोज रात्री बंद होणारं मशीन कित्येक दिवस सलग जागं असल्याचं दिसतं. 'रीस्टार्ट' मात्र सगळं मोडून नव्याने मांडतो.

हे शेजारच्या काकांना सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नीट बंद करायचा असेल तर 'पुन्हा चालू कर' असं सांगायचं?"

"हो काका."

"आणि 'बंद कर' सांगितलं तर तो बंद होत नाही."

"पूर्ण नाही होत."

"अरे, मग मला कशाला शिकवतोस? त्याला शिकव."