फुंकर

कॅसेट चालली नाही की ती उपसून काढायची, माउथ ऑर्गनसारखी ओठांशी आडवी धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फू करायचं. मग परत खोचून बटण दाबायचं. पडद्यावर करडे-निळे चौकोन नाचले की आणखी एक फुंकर, जरा लांब. तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला मारियो उभा राहायचाच. ही विद्या मला कोणी शिकवली ते आठवत नाही. गरम दूध, खरचटलेलं ढोपर, डोळ्यात गेलेलं कुसळ, बंबातला धुमसता कोळसा, आमच्या घरात सगळ्यावर हा एकच इलाज होता. व्हिडिओ गेम घरात आला तेव्हा तोही आपसूक त्याच रांगेत जाऊन बसला.

१९९५ च्या मे महिन्यात मामाने तो मुंबईहून साताऱ्याला आणला. पांढरं-लाल खोकं, दोन रिमोट (जॉयस्टिक वगैरे शब्द कॉलेजात कळले), एक पिस्तूल आणि एक पिवळी कॅसेट. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून याची लावायची, मग ती बारीक चकती इतक्या हळू फिरवायची की मुंग्यांमधून चित्र वर यावं. संध्याकाळच्या बातम्यांना आप्पांच्या धाकाने परत अँटेना. कॅसेटवर ९९९९९९९ गेम असल्याचं छापलं होतं. आम्ही पाच भावंडं पहिल्याच दुपारी वही घेऊन मोजायला बसलो आणि तासाभराने उठलो. गेम होते सहा. बाकी सगळं म्हणजे मारियो पहिल्या लेव्हलपासून, मारियो तिसऱ्यापासून, मारियो रात्रीचा.

आमचं खोकं मूळच्या यंत्राची नक्कल होतं, हे पुष्कळ पुढे कळलं. मूळ यंत्र निन्टेंडो या जपानी कंपनीचं. नाव फॅमिली कॉम्प्युटर, जपानी लोक लाडाने फॅमिकॉम म्हणत. मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनिअरने त्याची रचना केली आणि १५ जुलै १९८३ ला ते जपानात १४,८०० येनला विकायला आलं. कामापुरती मेमरी २ किलोबाइट. चित्रांसाठी वेगळी आणखी २. एवढ्यात भागवायचं म्हणजे काटकसर आलीच. अख्खा सुपर मारियो ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. सकाळी सकाळी येणाऱ्या ‘शुभ प्रभात’च्या एका फोटोत असे चार मारियो सहज मावतील. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं की झुडूप. मला हे वाचून आईची नऊवारी आठवली, जिची आधी परकर-पोलकी झाली, मग गोधडी, आणि शेवटी पायपुसणं.

कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये एकदम गर्दी झाली की माणसं लुकलुकायला लागायची. हात दिसे तर पाय गायब, गोळी दिसे तर माणूस गायब. दादाचं निदान ठरलेलं: धूळ. तो चालू डाव मोडून कॅसेट उपसायचा, फुंकायचा, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून. डाव साठवून ठेवायची सोय आमच्या एकाही गेममध्ये नव्हती, खोकं बंद झालं की सगळं पुसलं जाई. खरं कारण आता समजतं. पडद्याच्या एका आडव्या रेघेवर आठापेक्षा जास्त हलती चित्रं त्या यंत्राला दाखवताच येत नसत. मग गेम लिहिणारे आळीपाळी लावत, या क्षणी हे आठ, पुढच्या क्षणी ते. दोन रिमोट आणि पाच भावंडं असलेल्या घराला ही व्यवस्था खरं तर बघताक्षणी ओळखू यायला हवी होती.

फुंकरीचा मान पिस्तुलालाही होता. बदकांच्या शिकारीच्या गेममध्ये बदक पडलं की मामा सिनेमातल्या खलनायकासारखा नळीच्या तोंडावर फुंकर मारायचा, नसलेला धूर उडवायला. त्या नळीतून काही बाहेर जातच नसे. उलट प्रकाश आत येई. घोडा दाबला की निमिषभर सगळा पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम बसला. जुन्या काचेच्या, पोट पुढे आलेल्या टीव्हीवरच हे जमतं, आजच्या चपट्या पडद्यांवर ते पिस्तूल आंधळं आहे.

आणि जपानातल्या मुलांचा मला हेवा वाटतो तो एका गोष्टीसाठी. मूळ यंत्राच्या दुसऱ्या रिमोटमध्ये चक्क मायक्रोफोन होता. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या गेमच्या जपानी आवृत्तीत लांब कानांचे काही राक्षस होते, ते त्या मायक्रोफोनमध्ये ओरडलं की मरत. म्हणजे तोंडाचा वारा घालवायची रीतसर जागा! आमच्या नकलेत तेवढंच नेमकं गाळलेलं.

आता आई. तिला गेमचा राग नव्हता, फुंकण्याचा होता. “अरे, थुंकी जाते त्यात. गंजून जाईल एक दिवस,” असं ती स्वयंपाकघरातून म्हणायची. एकदा वैतागून तिने बंबाशेजारची फुंकणीच आणून दादाच्या हातात दिली. दादाने आज्ञाधारकपणे ती कॅसेटला लावून जोरात फुंकली. आतली राख कॅसेटवर, कॅसेटवरून दादाच्या तोंडावर. त्यानंतर त्या कॅसेटला तीन फुंकरी पुरेनाशा झाल्या.

पण बोलली ती अक्षरन् अक्षर खरं होतं. श्वासातल्या दमटपणाने कॅसेटचे तांब्याचे दात खराब होतात, तेव्हा फुंकू नका, असं निन्टेंडोनेच बजावलेलं आहे. कॅसेट चालू व्हायची ती काढून पुन्हा घातल्यामुळे, दातांवर दात घासले जात म्हणून. श्रेय मात्र फुंकर घेऊन जाई. अमेरिकेतली पोरंही हेच करत होती, आणि त्यांना तर आमच्यापेक्षा जास्त करावं लागे. तिकडे १९८५ मध्ये यंत्र पाठवताना ते खेळणं वाटू नये म्हणून कॅसेट व्हीसीआरसारखी पुढून आत सरकवायची रचना केली, आणि ती सांधणी लवकर सैल पडायची. आमच्याकडे कॅसेट वरून सरळ खोचायची. नक्कल जपानी बेताची होती, एवढं नशीब.

गेल्या दिवाळीत भाच्याकडे नवं यंत्र आलं. काळं, उभं, पुस्तकाच्या कपाटात देवासारखं बसवलेलं. कॅसेट नाही, वायर नाही, सगळं हवेतून उतरतं. पाडव्याच्या दिवशी ते चालेना. पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहिला. भाच्याने राउटर बंद करून चालू केला, मी मागून-पुढून हात फिरवून पाहिला. कुठे खाच नाही की फट नाही. अर्ध्या तासाने तो मोबाइल घेऊन सोफ्यावर आडवा झाला.

आई करंज्यांची ताटली घेऊन बाहेर आली. वय आता अठ्ठ्याहत्तर. तिने त्या फिरणाऱ्या गोलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“फुंकून बघितलंस का रे?”